एक लाख रुपये, जुनी स्विफ्ट आणि कसारा घाट

पत्र : नमस्कार काका. आमच्याकडे 2016 ची स्विफ्ट पेट्रोल आहे, व्हीएक्सआय. मूळ बाबांची, आता जास्त मीच चालवतो. रनिंग 82 हजार. नोकरी अंबड एमआयडीसीत, राहायला पाथर्डी फाटा. महिन्यातून एक-दोनदा ठाण्याला जाणं होतं. येताना कसारा घाटात एसी चालू असला की गाडी अक्षरशः धाप टाकते. मित्राची पोलो टीएसआय आहे, त्याने रिमॅप केलंय, तो दोन वळणांत दिसेनासा होतो. बोनस धरून एक लाख जमलेत. यादी काढलीय : कोन एअर फिल्टर, दमदार आवाजाचा एक्झॉस्ट, रिमॅप, 17 इंची अलॉय, लोअरिंग स्प्रिंग. बाबा म्हणतात, ‘कंपनीतल्या इंजिनिअरांना अक्कल नव्हती का?’ गाडी तेही चालवतात, आईला घेऊन वणीला, त्र्यंबकला जातात. सुरुवात कुठून करू? ता. क. मागे स्पॉयलर लावला तर फरक पडेल का?
— घाटात मागे पडलेला, पाथर्डी फाटा

उत्तर : मित्रा, तुझी यादी दोनदा वाचली. पाच वस्तू आहेत. त्यातल्या तीन इंजिनाच्या, दोन गाडी दिसायला भारी करणाऱ्या. गाडी थांबवणारी किंवा रस्त्याला धरून ठेवणारी एकही नाही. त्यामुळे यादी उलटीच करावी लागणार आहे. रिमॅपवर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलण्यावर, येऊच, पण आधी घाटाचं बघू.

कसाऱ्याच्या चढाला तू बहुतेक तिसऱ्या गिअरमध्ये असतोस. पुढे ट्रक, वेग चाळीसच्या आसपास, आरपीएमचा काटा दोन हजाराला टेकलेला, पाय खालपर्यंत दाबलेला आणि गाडी जागची हलत नाही. बरोबर? तुझ्या गाडीचं इंजिन 1197 सीसीचं, टर्बो नसलेलं. त्याचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 115 न्यूटन मीटर, तोही चार हजार आरपीएमला. पूर्ण ताकद, म्हणजे 83 बीएचपी, मिळते सहा हजाराला. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. दोन हजार आरपीएमला पूर्ण टॉर्क मिळतोय असं धरलं तरी हातात येतात 32 बीएचपी, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. तेच इंजिन चार हजारांवर फिरलं की 64. म्हणजे ज्या ताकदीसाठी तू पैसे साठवतोयस, तेवढी गाडीत आधीच पडून आहे, फक्त एक गिअर खाली.

दुसरा टाक. चाळीसच्या वेगात काटा तीन हजाराच्या जवळ जाईल, पंचावन्नला चार हजार. इंजिन ओरडेल. ओरडू दे. हे जपानी पेट्रोल इंजिन सहा हजारापर्यंत फिरायलाच बनवलंय, चार हजारांवर पाच मिनिटं राहिलं म्हणून त्याला काही होत नाही. आपल्याकडे गाडी चालवायला शिकवतानाच ‘गिअर लवकर वर टाक, पेट्रोल वाचतं’ हे डोक्यात भरलं जातं. सपाट रस्त्यावर ते ठीक आहे. चढावर पाच माणसं आणि भरलेली डिक्की घेऊन ती सवय म्हणजे इंजिनाला फासावर टांगणं. कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की आतून खडखड ऐकू येते, ती नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल चुकीच्या वेळी पेटल्याची. खरं नुकसान तिथे होतं.

पोलोशी तुलना मात्र सोड. त्याचं इंजिन टर्बोचं आहे. कंपनीतूनच 175 न्यूटन मीटर येतात आणि तेही दोन हजार आरपीएमच्या आधीपासून. त्याला घाटात गिअर बदलावाच लागत नाही. शिवाय टर्बो हवा दाबून भरतं, त्यामुळे उंचीचा त्याला फारसा फटका नाही. नाशिक, इगतपुरी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. टर्बो नसलेल्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद त्या विरळ हवेतच जाते. ठाण्यात गाडी जरा हलकी पळते असं तुला वाटत असेल तर तो भास नाही.

आता दुसरा प्रश्न : तुझ्या गाडीत कंपनीने दिलेली ताकद आज शिल्लक आहे का? 82 हजार किलोमीटर आणि दहाएक वर्षं झालेल्या गाडीबद्दल मी तरी हो म्हणणार नाही. पिकअप मेलाय असं सांगत येणाऱ्या बहुतेक गाड्या कमजोर नसतात, थकलेल्या असतात.

घरच्या घरी तीन गोष्टी बघ. पहिली, क्लच. मोकळा, सपाट रस्ता गाठ. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगात एकदम पूर्ण रेस दे. काटा आधी उडी मारतो आणि गाडी मागून रडतखडत वेग घेते? मग क्लच प्लेट घसरतेय. इंजिनात तू कितीही ताकद भर, ती तिथेच जळणार. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय तुम्हा दोघांपैकी कुणाला आहे का, ते तुम्हीच ठरवा. त्यात बाबांचं नाव पुढे आलं तर माझं नाव सांगू नकोस.

दुसरी, जाम ब्रेक. पाच-सात किलोमीटर फार ब्रेक न दाबता गाडी चालव, थांबव, आणि चारही चाकांजवळ तळहात ने. डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल. नुसती ऊब बघायची. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा सरळ सरळ गरम लागलं तर तिथला कॅलिपर किंवा मागचा शू अडकलाय. ब्रेक अर्धवट लागलेली गाडी घेऊन घाट चढणारे खूप आहेत आणि त्यातले निम्मे पेट्रोलला शिव्या देतात.

तिसरी, टायरवरची तारीख. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. त्यातले शेवटचे चार आकडे वाच. 1819 असेल तर टायर 2019 च्या अठराव्या आठवड्यातलं. चार आकडे दिसलेच नाहीत तर टायरच्या दुसऱ्या बाजूला, गाडीखाली वाकून बघावं लागेल. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांपलीकडचं टायर मी घाटात आणि पावसात वापरणार नाही. रबर दगडासारखं कडक होतं, ओल्या रस्त्यावर धरतच नाही.

यानंतर गॅरेज. स्कॅनर लावून कोड वाचायचे, प्लग काढून बघायचे, थ्रॉटल बॉडी साफ, एअर फिल्टर बदल, कुलंट कधी बदललंय ते तपास, आणि शंका असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. आकडे एकमेकांच्या जवळ असले की पुरे. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. ‘जाड ऑइल टाका साहेब, जुनी गाडी आहे’ असा सल्ला मिळेल, तो हसून सोडून द्यायचा. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड या तिन्ही वस्तूंमध्ये बाजारात नकली माल भरपूर आहे. अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून पक्क्या बिलावर घे, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

एवढं झालं की महिनाभर तशीच चालव. माझा अंदाज, निम्मी तक्रार इथेच मिटेल.

मग एक लाखाचं काय? टायर. मनापासून सांगतो, या गाडीवर एकच खर्च करायचा असेल तर टायरवर कर. वेग घेणं, वळणं, थांबणं हे सगळं शेवटी हाताच्या पंजाएवढ्या चार ठिकाणी होतं, जिथे रबर डांबराला टेकलेलं असतं. तुझ्या व्हीएक्सआयला कंपनीने 165/80 आर 14 दिलेत, अरुंद आणि उंच. मायलेजला चांगले, वळणावर लुळे. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, 185/65 आर 15 यायचे. दोन्हींचा पूर्ण व्यास काढलास तर 620 आणि 621 मिलिमीटर भरतो. म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही, गिअरिंग बदलत नाही, मडगार्डला टायर घासत नाही, आणि रुंदी दोन सेंटिमीटरने वाढते. कंपनीने याच गाडीवर तपासून दिलेला हा साइज आहे. अलॉय घेताना बोल्टचं माप 4 बाय 100 आहे का, ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, मूळ रिमच्या जवळ आहे का, एवढं बघ. झेडएक्सआयचे मूळ कंपनीचे अलॉय जुन्या बाजारात चांगल्या अवस्थेत मिळाले तर नव्या चकचकीत रिमपेक्षा मी तेच उचलीन, फक्त बॅलन्सिंग मशीनवर फिरवून, वाकलेले नाहीत ना हे बघून.

17 इंची कशाला नको, ते दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगतो. रिम मोठं झालं की टायरची भिंत तेवढी पातळ होते. पावसाळ्यात भिवंडी बायपास ते गोंदे या पट्ट्यात रस्त्याची काय अवस्था असते, हे तुला मी सांगायला नको. पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पातळ भिंतीचं टायर आपटलं की फुगा आला समज, वर रिमही वाकतं. आणि मोठं रिम, रुंद टायर म्हणजे वजन. तेही फिरणारं वजन, जे प्रत्येक वेळी पळवायला आणि थांबवायला लागतं. 83 बीएचपीच्या गाडीला 17 इंची चाकं लावली की पिकअप वाढत नाही, घटतो. मग पुन्हा रिमॅपचा विचार येतो. हे चक्र असंच फिरतं.

ब्रेककडे वळू. चढताना तू मागे पडतोस हे तुला खटकलं. मला काळजी जाताना उतरण्याची आहे. तुझ्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम. गाडीच्या वजनाला ते पुरतात, फक्त ताजे असले पाहिजेत. ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं? बदललंच नसेल. ते हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट 3 आणि डॉट 4 हे या फ्लुइडचे दर्जे. नवं डॉट 3 किमान 205 अंशांना उकळतं, ओलावा मुरलेलं 140 लाच. उतारावर सतत ब्रेक दाबून कॅलिपर तापला, फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पॅडल स्पंजासारखं खाली जातं. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. दोन्ही एकाच जातीचे असल्याने डॉट 3 च्या जागी डॉट 4 भरता येतं. दर दोन वर्षांनी संपूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. हजार-दीड हजारात होणारं हे काम तुझ्या यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. त्याबरोबर चांगले पॅड, डिस्कला धार पडली असेल तर डिस्क, मागचे शू साफ आणि ॲडजस्ट. आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर.

सस्पेन्शनमध्ये लोअरिंग स्प्रिंग रद्द. सिडकोतले स्पीडब्रेकर, वणीला निघालेली आई, डिक्कीतलं सामान, सगळे मिळून तुला महिन्याभरात जुन्या स्प्रिंग परत लावायला लावतील. पण चारही शॉकअप 82 हजारांवर थकलेले असणार. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोड. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेले. कंपनीचेच नवे चार, पुढचे माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, आणि शेवटी अलाइनमेंट. गाडी एकदम घट्ट झाल्यासारखी वाटेल. घाटातल्या वळणावर तुझा वेग इंजिनाआधी या बुशांनी वाढेल.

आता इंजिनाची यादी, झटपट. कोन फिल्टर : मूळ फिल्टरचा डबा पुढून थंड हवा ओढतो. उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणून ताकद कमी, आवाज मात्र जास्त. आवाजामुळे गाडी पळतेय असं वाटतं, एवढाच त्याचा फायदा. एक्झॉस्ट : नुसता मागचा डबा बदलून टर्बो नसलेल्या 1.2 मध्ये जाणवण्याइतकं काही मिळत नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटकॉन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्या गॅरेजात पुन्हा जाऊ नकोस. पीयूसीत अडकशीलच, शिवाय मागे चालणाऱ्यांच्या नाकात जाणारा धूर तुझा असेल.

रिमॅप : टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे भरलेल्या हवेचा दाब, वाढवता येतं, म्हणून तिथे वीस-तीस टक्के सहज मिळतात. तुझ्या इंजिनात वाढवायला बूस्टच नाही. फार तर इग्निशन आणि मिश्रणात थोडी ओढाताण करून पाच-सात बीएचपी, तेही वरच्या आरपीएमला, जिथे तू जातच नाहीस. थ्रॉटलचा प्रतिसाद तीक्ष्ण करून दिला की पहिले आठ दिवस गाडी नवी वाटते, मग सवय होते. त्या पैशात टायरची जोडी येते. तुझ्या मित्रालाही एक निरोप दे : रिमॅपनंतरचा टॉर्क त्याच्या क्लचला आणि गिअरबॉक्सला झेपतोय ना, आणि मूळ फाइल ट्यूनरने जपून ठेवलीय ना, हे विचारून घे म्हणावं.

कायद्याचं थोडक्यात, कारण या विषयावर लोक सोयीस्कर अर्धवट माहिती देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडी कंपनीच्या मूळ रचनेपासून बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठणकावून सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182 ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचं आणि प्रदूषणाचं प्रकरण कलम 190 खाली वेगळं, तिथे दंड दहा हजारांपर्यंत जातो. एमएच 15 च्या प्रत्येक गाडीला रोज कुणी अडवत नाही, हे मलाही माहीत आहे. पण अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो आणि बॉनेट उघडतो. न सांगितलेले बदल दिसले की क्लेम अडतो. बाबांच्या नावावरची पॉलिसी आहे, हे विसरू नकोस. अलॉय आणि टायरचा साइज बदललास तरी विमा कंपनीला ईमेल टाकून ठेव, उत्तर जपून ठेव.

खर्चाचा ढोबळ अंदाज, दुकानागणिक बदलेल : सर्व्हिस आणि तपासणी बारा-पंधरा हजार, ब्रेक सहा-सात हजार, शॉकअप आणि बुश मजुरीसकट वीसच्या आसपास, अलॉय आणि टायर मिळून पन्नास. क्लच निघाला तर त्याचे दहाएक हजार वेगळे, म्हणजे मग अलॉय राहू देत, चौदा इंची रिमवरच चांगल्या कंपनीची नवी टायर टाक. क्रम मात्र हाच ठेव. सगळं एकदम करू नकोस. एक काम कर, घाटातून जाऊन ये, फरक बघ, मग पुढचं. एकाच शनिवारी पाच गोष्टी बदलल्या आणि गाडी डावीकडे ओढायला लागली, तर कशामुळे ते कुणालाच सांगता येणार नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही देतो. इंजिनिअरांना अक्कल होती. पण त्यांना एकच गाडी लेहच्या थंडीत, नागपूरच्या उन्हात, भेसळीच्या पेट्रोलवर आणि सर्व्हिसिंग चुकवणाऱ्या माणसाच्या हातात टिकवायची होती, तीही ठरलेल्या किमतीत. अरुंद टायर हा त्यांचा किमतीचा हिशेब होता. तिथे सुधारणेला जागा आहे. इंजिनात त्यांनी तुझ्यासाठी फार काही लपवून ठेवलेलं नाही. ही यादी घेऊन बाबांशी बोल. ब्रेक आणि शॉकअप ऐकल्यावर ते बहुधा स्वतःच दहा हजार काढून देतील.

घाट टाळायचाच असेल तर समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 पासून सुरू आहे, बोगद्यातून निघून जाशील. समृद्धीच्या सपाट भागात मोटारींना 120 ची मर्यादा आहे, आणि त्या वेगाला जुनं टायर तापून फुटलं तर काय होतं, त्याच्या बातम्या तू वाचल्याच असशील. म्हणजे फिरून टायरच.

आणि वेगाची हौस खरी असेल, नुसती मित्राला गाठायची नसेल, तर टीएसडी रॅलीत उतर. टाइम-स्पीड-डिस्टन्स. ठरलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या वेळेत पोचायचं, शेजारी नॅव्हिगेटर. मूळ अवस्थेतली गाडी चालते, डोकं मात्र पूर्ण लागतं. नाशिकला रॅलीचं वातावरण जुनं आहे, रॅली ऑफ महाराष्ट्रचे टप्पे आपल्याच आसपासच्या मातीत झालेत. सोबत करणारा कुणीतरी भेटेलच. रात्री गंगापूर रोडवर काट्याची टक्कर लावण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

राहिला स्पॉयलर. घाटातल्या वेगाला काडीचा फरक पडणार नाही. दिसायला आवडत असेल तर लाव, फक्त डिक्कीच्या दाराला भोकं पाडून बसवणारा नको. दोन पावसाळ्यांत त्या भोकांपासून गंज सुरू होतो.